स्टिपलिंग ब्रश: वापरण्याची रीत आणि निगा

वधूच्या मेकअपची कामे घेत असल्यामुळे माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींकडून आणि मेकअप करून घेणाऱ्या बायकांकडून एक प्रश्न हमखास येतो: "ताई, हा पांढऱ्या टोकांचा ब्रश नक्की कशासाठी असतो?" ब्रशचा संच विकत घेतला की त्यात तो बहुधा असतोच, पण त्याचे काम कोणी सांगितलेले नसते. मग तो पावडरीच्या डबीत खुपसला जातो, किंवा फाउंडेशन घेऊन चेहऱ्यावर भिंत रंगवल्यासारखा ओढला जातो, आणि चार-दोन वेळा पट्टे उमटले की कायमचा खणात जातो. योग्य रीतीने वापरल्यास फाउंडेशनचा पातळ, त्वचेसारखा दिसणारा थर देणारे याच्याइतके सोपे साधन दुसरे नाही, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे. या ब्रशचे सगळे काम त्याच्या टोकांवर चालते. टोके सरळ, सुटी आणि कोरडी राहिली पाहिजेत, एवढी एकच गोष्ट मनात पक्की ठेवली की तो कसा धरायचा, कसा धुवायचा आणि कसा वाळवायचा याचे जवळजवळ सर्व नियम त्यातूनच निघतात.

ब्रशची रचना

हा ब्रश हातात घेऊन उजेडात पाहा. यात दोन प्रकारचे केस असतात. खालचे काळे केस आखूड आणि दाट असतात. त्यांच्यातून वर आलेले पांढरे तंतू लांब आणि विरळ असतात. या दोन लांब्यांमुळेच त्याला ड्युओ फायबर ब्रश असेही म्हणतात. माथा बहुधा सपाट, किंचित घुमटाकार असतो. पांढरे तंतू त्वचेला स्पर्श करतात आणि अगदी थोडा रंग सोडतात. काळ्या केसांचे काम त्यांना मागून आधार देण्याचे आहे. तंतू विरळ असल्यामुळे प्रत्येक स्पर्शाला चेहऱ्यावर सलग पट्टा न उमटता बारीक ठिपक्यांचा समूह उमटतो. स्टिपलिंग हा शब्द मूळ डच भाषेतल्या ठिपके देण्याच्या क्रियापदावरून आला आहे, आणि रेषा न मारता केवळ ठिपक्यांनी छायाप्रकाश दाखवण्याची रीत चित्रकार व कोरीवकाम करणारे कारागीर फार पूर्वीपासून वापरत आले आहेत. मेकअपच्या दुनियेत ही ब्रशची घडण मॅक कंपनीच्या 187 क्रमांकाच्या ब्रशमुळे सर्वदूर माहीत झाली. त्याचाच लहान भाऊ म्हणावा असा 188 हा ब्रश नाकाच्या कडा आणि डोळ्यांखालच्या भागासाठी सोयीचा ठरतो. आज अनेक देशी-विदेशी कंपन्या याच घडणीचे ब्रश बनवतात.

मराठीत या क्रियेला आपल्याकडे आधीपासून चांगला शब्द आहे: टिपणे. टीपकागदाने ओली शाई टिपताना आपण कागद घासत नाही, वरून अलगद ठेवतो आणि उचलतो. मी शिकवताना हाच शब्द वापरते, कारण तो ऐकला की हात आपोआप घासायचा थांबतो.

विकत घेताना

पूर्वी या ब्रशमधील काळे केस बहुतेक वेळा बकरीचे असत. आता पूर्ण कृत्रिम तंतूंचे ब्रश सहज मिळतात. द्रवरूप व क्रीमच्या प्रसाधनांसाठी मी पूर्ण कृत्रिम ब्रशच सुचवते. प्राण्याच्या केसावर सूक्ष्म खवले असतात, त्यांत फाउंडेशन अडकते आणि केस ते पितोही. कृत्रिम तंतू गुळगुळीत असल्यामुळे प्रसाधन कमी वाया जाते, धुणे सोपे होते आणि ब्रश लवकर वाळतो. ज्यांना प्राणिजन्य वस्तू वापरायच्या नाहीत त्यांचाही प्रश्न त्यामुळे सुटतो.

दुकानात ब्रश तपासताना तो तळहातावर उभा टेकवून हलकेच दाबा. पांढरी टोके वाकून लगेच सरळ झाली पाहिजेत. ती वाकडीच राहिली किंवा टोचली तर तो ब्रश घेऊ नका. मग माथा दोन बोटांत धरून हलकेच ओढा. एखादा केस निघाला तर चालेल, पण तीन-चार निघाले तर आतला गोंद नीट बसलेला नाही असे समजावे. केस आणि दांडा यांना जोडणारे धातूचे नळकांडे हलवून पाहा. ते कुरकुरता कामा नये. शेवटी ब्रश उजेडापुढे धरून पांढऱ्या तंतूंमधून पलीकडचे पुसट दिसते का ते बघा. स्टिपलिंग नावाने विकल्या जाणाऱ्या काही ब्रशांत पांढरे तंतू इतके दाट भरलेले असतात की ते प्रसाधन त्वचेवर घासून बसवणाऱ्या साध्या बफिंग ब्रशसारखे वागतात. वाईट नसतात, पण त्यांच्याकडून या लेखातील परिणाम मिळणार नाही.

चेहऱ्याची पूर्वतयारी

चेहरा धुऊन मॉइश्चरायझर लावल्यावर किमान 5 मिनिटे थांबावे, आणि सनस्क्रीन लावले असेल तर साधारण 10 मिनिटे. ही घाई अनेकींना महागात पडते, कारण ओलसर थरावर टिपले की ब्रशची टोके खालचा थर उचलतात आणि त्याच्या मळासारख्या बारीक वळ्या निघू लागतात. सिलिकॉनयुक्त प्रायमरवर (फाउंडेशनच्या आधी लावायच्या थरावर) पाण्याचे प्रमाण जास्त असलेले फाउंडेशन वापरल्यासही असेच होऊ शकते, म्हणून लग्नासारख्या दिवशी नवी जोडी प्रथमच वापरू नये. आठवडाभर आधी जबड्याजवळ लावून पाहावी. चेहऱ्यावर कोरडे पापुद्रे असतील तर ते आधी मऊ करावेत, कारण विरळ तंतूंचा हा ब्रश पापुद्रे दाबून झाकत नाही, उलट त्यांच्या कडा उभ्या करून दाखवतो.

फाउंडेशन लावण्याच्या पायऱ्या

सर्वप्रथम फाउंडेशन बाहेर काढून घ्यावे. ब्रश थेट बाटलीच्या तोंडाला लावू नये. त्याने बाटलीत जंतू जातात आणि प्रसाधन एकाच जागी गोळा होऊन केसांच्या बुडापर्यंत उतरते. मेकअप करणारे स्टीलची छोटी पाटी वापरतात, घरी स्वच्छ वाटीचे सपाट झाकण पुरते. आरंभी वाटाण्याएवढे, म्हणजे पंपाची एक दाब, पुरेसे आहे. बोटाने किंवा पाटीवरच्या पात्याने ते पातळ पसरून घ्यावे, कारण गोळ्यावर टेकवलेला ब्रश गोळाच उचलतो.

मग ब्रश सरळ उभा धरून त्या पातळ थरावर दोन-तीनदा टेकवावा, तोही केवळ पांढऱ्या टोकांनी. टोकांवर रंग दिसला पाहिजे, काळे केस कोरडेच राहिले पाहिजेत. यानंतर पाटीच्या कोऱ्या भागावर किंवा हाताच्या पाठीवर एकदा टिपून जादा रंग काढून टाकावा. नवशिक्या ही पायरी हटकून गाळतात, आणि पहिल्याच स्पर्शाला गालावर मोठा डाग उमटतो.

ब्रश कसा धरावा याला इथे फार महत्त्व आहे. पेनसारखा धातूजवळ धरला तर बोटांचा सगळा जोर टोकांवर येतो. दांड्याच्या मागच्या निम्म्या भागाला तीन बोटांनी सैल धरावे. मग हात आपोआप हलका राहतो. दाब योग्य आहे का हे मनगटाच्या आतल्या बाजूवर तपासता येते: टिपताना पांढरी टोके किंचित लवली तर ठीक, ती आडवी पडून पसरली किंवा काळे केस त्वचेला लागले तर दाब जास्त आहे. मी विद्यार्थिनींना पहिल्या दिवशी फाउंडेशनशिवाय, कोऱ्या ब्रशनेच स्वतःच्या मनगटावर पाच मिनिटे टिपायला लावते.

आता चेहऱ्याच्या मध्यापासून सुरुवात करावी, म्हणजे नाकाच्या दोन्ही बाजूंचा गाल, हनुवटी आणि कपाळाचा मधला भाग, कारण लाली व डाग बहुधा तिथेच असतात आणि प्रसाधनाची खरी गरजही तिथेच असते. ब्रश त्वचेला काटकोनात ठेवून टिपत जावे. प्रत्येक वेळी तो पूर्ण उचलला गेला पाहिजे. पहिल्या फेरीत गालावर बारीक ठिपके स्पष्ट दिसतात आणि अनेकजणी इथेच घाबरून ब्रश ओढायला लागतात. थोडा धीर धरावा. त्याच जागेवर, ब्रशला नवा रंग न घेता, दुसरी फेरी केली की ठिपक्यांच्या मधल्या जागा भरत जातात, आणि तिसऱ्या फेरीला ठिपके एकमेकांत मिसळून त्वचेचा पोत खालून दिसत राहतो पण रंग एकसारखा होतो. हा बदल आरशात अगदी जवळून पाहावा, कारण एकदा तो डोळ्यांना ओळखता आला की किती टिपायचे हे कोणाला विचारावे लागत नाही.

मध्यभाग झाल्यावर ब्रशवर उरलेल्या रंगानेच बाहेरच्या दिशेने, म्हणजे कानाकडे, केसांच्या रेषेकडे आणि जबड्याखाली जावे. कडेला रंग मुद्दाम कमी पडू द्यावा, म्हणजे गळ्याशी रेघ उमटत नाही. टिपून झाल्यावर गरज वाटली तर अगदी लहान, हलकी वर्तुळे फिरवून कडा मिसळाव्यात. नाण्याएवढे वर्तुळ पुरते, मोठे फिरवले तर खालचा थर सरकतो. नाकाच्या बाजूच्या खाचेत सपाट माथा पोहोचत नाही, तिथे ब्रशचा माथा दोन बोटांत हलका चिमटून अरुंद करावा आणि टोकांच्या कडेने टिपावे. डोळ्यांखाली मोठा ब्रश वापरू नये. लहान ब्रश किंवा अनामिका अधिक चांगली.

गालांवरच्या लवेबद्दल सहसा कोणी सांगत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. बहुतेक बायकांच्या गालांवर आणि कानाजवळ बारीक लव असते. तिच्या उलट दिशेने टिपले किंवा गोल फिरवले की लव उभी राहते, तिच्या प्रत्येक टोकावर फाउंडेशनचा कण बसतो, आणि उन्हात बाजूने पाहिले तर गालावर पिठाची बुकणी सांडल्यासारखे दिसते. छायाचित्रात ते हटकून येते. त्यासाठी शेवटी ब्रश पुसून, जवळजवळ कोरड्या टोकांनी, वरून खाली अगदी अलगद दोन-तीन वेळा उतरावे. लव बसते आणि तिच्यावरचा जादा रंग टोकांवर येतो. संपूर्ण प्रक्रियेत ब्रश ओढण्याची परवानगी मी फक्त इथे देते.

जास्त झाकणूक हवी असेल तर पहिला थर दोन-तीन मिनिटे स्थिर होऊ द्यावा आणि मग जिथे गरज आहे तिथेच दुसरा पातळ थर टिपावा. मुरुमांच्या डागावर कन्सीलर (डाग झाकणारे प्रसाधन) लावायचे असेल तर ते लहान टोकदार ब्रशने लावून त्याच्या फक्त कडा स्टिपलिंग ब्रशने मिसळाव्यात. पिकलेल्या पुटकुळीवर ब्रश घासला जात नसल्यामुळे टिपण्याची रीत तिथे कमी त्रासाची असते, पण अशा चेहऱ्यावर वापरलेला ब्रश त्याच दिवशी धुतला पाहिजे. संपूर्ण चेहरा जाड थराने झाकायचा असेल तर मात्र हा ब्रश बाजूला ठेवावा. त्यासाठी दाट बफिंग ब्रश किंवा ओला स्पंज योग्य. आपल्याकडे मे महिन्यातल्या लग्नांत जाड थर घामाने दोन तासांत फुटतो, हे पाहिलेल्या कोणालाही पातळ थराची बाजू वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

ब्लश, हायलायटर आणि पावडर

क्रीम ब्लशसाठी हा ब्रश फाउंडेशनइतकाच उपयोगी आहे. बोटाने लावलेला क्रीम ब्लश खालचे फाउंडेशन उचलतो, हा ब्रश उचलत नाही. रंग हाताच्या पाठीवर घ्यावा, टोकांनी उचलावा आणि गालाच्या हाडावर टिपत वर कानशिलाकडे जावे. क्रीमची प्रसाधने नेहमी पावडरीच्या आधी लावावीत; पावडरीवर क्रीम टिपले की ठिकठिकाणी गोळे होतात. गडद रंगाचा पावडर ब्लश एकदम भडक उमटण्याची भीती असेल तर तोही याच ब्रशने घ्यावा, कारण विरळ टोके एका वेळी फार थोडी पावडर उचलतात. द्रव हायलायटर (चमक देणारे प्रसाधन) गालाच्या हाडावर आणि नाकाच्या दांड्यावर दोन-तीन टिपांत पुरतो. एक अट मात्र पाळावी: क्रीम व द्रव प्रसाधनांसाठी एक ब्रश आणि पावडरीसाठी वेगळा ब्रश ठेवावा. ओलसर टोके पावडरीच्या डबीत गेली की पावडरीवर कडक, चकचकीत पापुद्रा बसतो आणि मग तिच्यातून रंगच निघत नाही.

काही बिघडले तर

ठिपके तसेच दिसत राहिले तर बहुधा टिपण्याच्या फेऱ्या कमी पडल्या आहेत, किंवा फाउंडेशन लवकर सुकणारे आहे; अशा वेळी चेहऱ्याचा एक चतुर्थांश भाग पूर्ण करूनच पुढच्या भागावर जावे. पट्टे उमटले तर ब्रश कुठेतरी ओढला गेला आहे. फाउंडेशन चेहऱ्याऐवजी ब्रशवरच राहत असेल, तर ते काळ्या केसांपर्यंत उतरले आहे असे समजावे आणि पुढच्या वेळी पातळ पसरून घ्यावे. फारच कोरडे वाटत असेल तर ब्रशच्या माथ्यावर मेकअप सेटिंग स्प्रेचा (मेकअप टिकवणाऱ्या द्रवाचा) एकच फवारा मारून कापडावर टिपून मग वापरावा. बारीक बुडबुडे दिसले तर टिपण्याचा वेग कमी करावा.

रोजची निगा

वापर संपताच टोके मऊ सुती कापडावर किंवा टिश्यू कागदावर पुसावीत. पुसताना ब्रश कापडावर ठेवून टोकांच्या दिशेने हलका ओढावा, पुढे-मागे रगडू नये. फाउंडेशन सुकून टोके एकमेकांना चिकटली की सुटे तंतू सुटे राहत नाहीत, त्यांच्या जुड्या होतात, आणि दुसऱ्या दिवशी चेहऱ्यावर ठिपक्यांऐवजी ओरखडे उमटतात.

स्वतःपुरता वापरला जाणारा फाउंडेशनचा ब्रश आठवड्यातून एकदा नीट धुतला पाहिजे. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ डर्मॅटॉलॉजी ही त्वचारोगतज्ज्ञांची संस्था मेकअपचे ब्रश दर 7 ते 10 दिवसांनी धुण्याचा सल्ला देते, आणि आपल्या दमट हवेत मी 7 दिवसांचीच मर्यादा पाळते. प्रसाधन, त्वचेचे तेल, मृत पेशी आणि ओलावा हे सारे एकत्र आले की जंतूंना वाढायला आणखी काही लागत नाही. अनेकींवर काम करणाऱ्या व्यक्तीने प्रत्येक चेहऱ्यासाठी स्वच्छ ब्रशच घ्यावा. घरातही बहिणी-बहिणींनी एकच ब्रश वापरू नये, आणि डोळे आले असतील किंवा ओठांवर जर (पाणीदार फोड) उठला असेल तर त्या काळात वापरलेला ब्रश धुऊन, निर्जंतुक करूनच पुन्हा हाती घ्यावा.

ब्रश धुण्याची रीत

या कामात माझ्याकडून झालेली एक चूक सांगते, कारण पुढचे नियम मी तिच्यातून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका मे महिन्यातल्या लग्नाच्या आदल्या रात्री मी माझे ब्रश गीझरच्या कढत पाण्यात धुतले आणि पेल्यात, माथे वर करून, वाळत ठेवले. पाणी रात्रभर धातूच्या नळकांड्यात उतरत राहिले. सकाळी वधूच्या गालावर फाउंडेशन टिपायला घेतले आणि दर चार-पाच टिपांना एक काळा केस गालावर चिकटू लागला. मुंडावळ्या हातात घेऊन जवळच बसलेल्या तिच्या आत्याने वाकून पाहिले आणि विचारले, "अहो ताई, हा केस कुठून आला गालावर?" चिमट्याने एकेक केस उचलायचा, उचललेल्या जागी पुन्हा टिपायचे, असे करत पाऊण तास गेला आणि मुहूर्त अगदी तोंडाशी आला. गरम पाण्याने आतला गोंद सैल झाला होता आणि उभ्या ठेवल्यामुळे तो सैलच राहिला होता. त्या मुलीचा तो दिवस पुन्हा येणार नव्हता, हे मला आजही बोचते.

म्हणून धुताना पाणी कोमट किंवा साधे असावे, हाताला गरम लागता कामा नये. ब्रशवर टिकाऊ किंवा जलरोधक फाउंडेशन असेल तर आधी कोरड्या ब्रशला तेल लावावे, कारण अशा फाउंडेशनमधील सिलिकॉन आणि मेण पाण्याने सुटत नाहीत. तळहातावर खोबरेल तेलाचे दोन-तीन थेंब घेऊन त्यावर टोके हलक्या हाताने फिरवावीत. काही सेकंदांत तेल फाउंडेशनच्या रंगाचे होते. थंडीत खोबरेल साधारण 24 अंश सेल्सियसच्या खाली गोठते, तेव्हा ते आधी तळहातावर चोळून वितळवून घ्यावे, गोठलेला खडा टोकांत दाबू नये. तेल काळ्या केसांच्या बुडाशी जाऊ देऊ नये.

यानंतर ब्रशचा माथा खाली झुकवून नळाच्या बारीक धारेखाली फक्त केस भिजवावेत. धातूच्या कडेपर्यंत पाणी आले तरी चालेल, आत शिरता कामा नये, आणि ब्रश पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवण्याची सवय असेल तर ती आजच सोडावी. तळहातावर बेबी शाम्पूचा करंगळीच्या नखाएवढा थेंब घ्यावा आणि त्यावर टोके हलकी वर्तुळाकार फिरवावीत. फेस आधी गव्हाळ रंगाचा निघतो, तो पांढरा होईपर्यंत धुणे-फेसणे दोन-तीनदा करावे. टोके रगडून पसरवू नयेत. केसांच्या मध्यभागी अडकलेला रंग काढायचा असेल तर बोटांनी माथा थोडा उघडून आत फेस न्यावा. खाचा असलेली सिलिकॉनची चटई दाट ब्रशांना उपयोगी पडते, पण या ब्रशची लांब टोके तिच्या कंगोऱ्यांवर जोरात घासली की वळतात, त्यामुळे इथे मी तळहातावरच भरवसा ठेवते. भांडी घासायचा साबण नेहमी वापरू नये. बकरीचे केस त्याने रूक्ष होतात. तेल वापरले असेल तर शेवटी स्वच्छ टिश्यूवर ब्रश टिपून पाहावा, तेलकट डाग उमटला तर पुन्हा शाम्पू लावावा, कारण राहिलेले तेल उद्याचे फाउंडेशन घसरवते.

ज्यांच्या घरी बोअरचे क्षारयुक्त पाणी येते त्यांना धुतलेला ब्रश वाळल्यावर ताठ आणि खरखरीत लागतो. टोकांवर क्षार बसल्याचे ते लक्षण आहे. शेवटचा एक पेला पाणी शुद्धीकरण यंत्रातले वापरले की हा त्रास बराच कमी होतो.

वाळवणे, विशेषतः पावसाळ्यात

धुतलेला ब्रश पिळू नये. स्वच्छ टॉवेलमध्ये माथा गुंडाळून हलके दाबावे, पाणी टॉवेलमध्ये जाऊ द्यावे, मग बोटांनी टोके एका रेषेत आणून माथ्याचा मूळ आकार बसवावा. ब्रशवर चढवायची जाळी असेल तर ती दांड्याकडून वर सरकवावी. वरून खाली घातली तर टोके उलटी वळतात. यानंतर ब्रश टेबलाच्या कडेवर असा आडवा ठेवावा की दांडा टेबलावर राहील आणि माथा कडेबाहेर हवेत येईल. माथा किंचित खाली झुकलेला असेल तर अधिक चांगले. माथा टॉवेलवर ठेवला तर खालची बाजू ओली राहते आणि चपटी होते. केस वाळवायचा ड्रायर आणि कडक ऊन दोन्ही टाळावे, कारण उष्णतेने कृत्रिम टोके वळतात आणि गोंद तडकतो. पंख्याचा वारा पुरेसा आहे.

कोरड्या हवेत पूर्ण कृत्रिम ब्रश रात्रभरात वाळतो. जुलैत मुंबईत आणि कोकणात हवेतली आर्द्रता वारंवार 80 टक्क्यांच्या वर जाते, तेव्हा तोच ब्रश दुसऱ्या रात्रीपर्यंत आत ओला असू शकतो, जरी टोके हाताला कोरडी लागली तरी. तपासण्यासाठी माथा बोटांनी उघडून बुडाशी करंगळी लावावी. थंड लागले तर ओलावा आहे. असा ब्रश बंद पाउचमध्ये ठेवला की एक-दोन दिवसांत कुबट वास येतो, आणि तो वास म्हणजे आत बुरशी धरल्याची पहिली खूण असते. पावसाळ्यात ब्रश सकाळी धुवावा, दिवसभर पंख्याखाली ठेवावा, आणि शक्य असेल तर दोन ब्रश आलटून पालटून वापरावेत. महागड्या एका ब्रशपेक्षा मध्यम किमतीचे दोन ब्रश किनारपट्टीवर राहणाऱ्यांना अधिक सोयीचे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन धुण्यांच्या मध्ये निर्जंतुक करायचे असेल तर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. त्याहून तीव्र अल्कोहोल अधिक परिणामकारक असेल असे वाटते, पण ते इतक्या लवकर उडून जाते की जंतूंवर काम करायला वेळच उरत नाही; शिवाय त्यातील पाणीही जंतूंची प्रथिने नष्ट करण्यास मदत करते. आधी पुसून स्वच्छ केलेल्या टोकांवर दोन-तीन फवारे मारावेत, कोरड्या कापडावर टिपावे आणि पूर्ण उडून जाईपर्यंत थांबावे. दांड्याच्या रंगावर अल्कोहोल लागू देऊ नये, त्याचे पोपडे निघतात, आणि समई किंवा उदबत्ती पेटलेली असेल त्या खोलीत ते फवारू नये. हा उपाय धुण्याला पर्याय नाही, कारण सुकलेले फाउंडेशन त्याने निघत नाही.

ठेवणे, नेणे आणि बदलणे

कोरडा ब्रश पेल्यात माथा वर करून ठेवायला हरकत नाही, पण पेला न्हाणीघरात नसावा. तिथली वाफ टोकांवर बसते. प्रवासात जाळी नसेल तर जाडसर कागदाची नळी करून ती दांड्याकडून माथ्यावर चढवावी, म्हणजे इतर वस्तूंच्या दाबाने टोके मोडत नाहीत.

नव्या ब्रशचे पहिल्या एक-दोन धुण्यांत दोन-चार केस गळतात, काळ्या केसांचा थोडा रंगही जातो, त्याची काळजी करू नये. त्यानंतरही गळती चालू राहिली तर गोंद सुटला आहे. नुसता दांडा धातूच्या नळकांड्यातून निघाला असेल तर तो आतून पूर्ण वाळवून मजबूत गोंदाने पुन्हा बसवता येतो, केस गळत असतील तर मात्र तसा उपाय नाही. पांढरी टोके कायमची वळली, धुऊन वाळल्यावरही माथा पसरलेलाच राहिला, किंवा दोनदा नीट धुऊनही कुबट वास गेला नाही, तर तो ब्रश चेहऱ्यासाठी वापरू नये. वास येणारा ब्रश सरळ टाकून द्यावा. फक्त टोके वळलेला ब्रश मी धुऊन, दांड्याला दोरा बांधून वेगळा ठेवते. आयशॅडोच्या डब्यांच्या कोपऱ्यांत साचलेली पावडर झाडायला तो चांगला उपयोगी पडतो, आणि दोरा पाहिला की कामाच्या घाईतही तो चुकून कोणाच्या गालाकडे जात नाही.